पुसलेली नळी

मी एक तुंबा. कुंपणावरच्या वेलीला लागलो, पिकलो, वाळलो. मग नोएमीच्या आईनं माझं तोंड कापलं, बिया खरवडून काढल्या आणि ओली येर्बा, म्हणजे आमच्याकडची चहासारखी पत्ती, भरून मला तीन दिवस मुरत ठेवलं. तेव्हापासून पोटात हाच कडू पाला, वरून गरम पाणी आणि लोकांना ओढून प्यायला तोंडात कायमची एक धातूची नळी. बोलायला तोंड मोकळं मिळालंच नाही. आता माझ्यात कुणी काही भरत नाही, म्हणून बोलतोय.

पाराना नदीकाठचं आमचं गाव तंबाखूचं. आई पहाटेच पानं निवडायला जायची. घरी दोघंच, नोएमी आणि तिचा सात वर्षांनी धाकटा भाऊ एल्वियो. तेव्हा तिला घरात दुसऱ्याच, मुलाच्या नावानं हाक मारत. ते नाव मी सांगणार नाही. तिनं टाकलं, मीही टाकलं. एल्वियोसाठी ती माझ्यात पाण्याऐवजी दूध ओतायची, साखर घालायची, आधी स्वतः चाखायची आणि मग तीच नळी त्याच्या तोंडात द्यायची.

"हळू रे माकडा, जीभ भाजेल."

त्यानं कधी नळीकडे बघितलंसुद्धा नाही.

सतराव्या वर्षी ती झगा घालून घराबाहेर पडली. गावानं तिला काम दिलं नाही. ज्यांनी दिलं त्यांनी हातात नशेच्या पुड्या दिल्या. पुड्या देणारे आजही चौकात गप्पा मारत बसतात. नोएमीला मात्र सहा वर्षांची सजा झाली, आणि तीही पुरुषांच्या तुरुंगात. त्या काळात आई वारली. नोएमीला मातीला येऊ दिलं नाही.

सजेची पाच वर्षं झाल्यावर एक दिवस दोन्या पेर्ला, म्हणजे पेर्लाबाई, आमच्या उंबऱ्यावर येऊन बसली. साठीची बाई, पाय सुजलेले, ओठ लालभडक. तीही नोएमीसारखीच, तोच तुरुंग भोगून आलेली. सुटून येणाऱ्या अशा पोरींना ती पायांवर उभं करते. एल्वियोनं मला भरून तिच्या हातात दिलं.

"पोरा, न्यायाधीश नोएमीला वर्षभर आधी सोडतोय," ती म्हणाली. "राहायला घर दाखवायचं आणि रक्ताच्या माणसाची सही. बाकी मी बघते."

"लोक काय म्हणतील, मावशी?"

"लोक म्हणणारच. त्यांना दुसरं काम काय? पण नीट ऐक. सही केलीस आणि मागे घेतलीस, तर ती पुन्हा आत जाईल. विचार करून कर."

एल्वियोनं विचार केला नाही. तो कधीच करत नाही. कागद ओढला आणि सही ठोकली.

नोएमी आली त्या सकाळी तिनं मला दोन्ही हातांत धरलं, बराच वेळ.

"तिथे कापलेली प्लास्टिकची बाटली होती," ती म्हणाली. "नळी म्हणून पेनाची कांडी. आणि एकच येर्बा तीनदा वाळवून प्यायची."

"मग घ्या सरकार," एल्वियो म्हणाला, "आता खऱ्या तुंब्यातून घ्या."

दोघं हसले. मी ते हसू विसरलो असतो तर बरं झालं असतं.

पेर्लानं तिला चिपा करायला शिकवलं, म्हणजे कसाव्याच्या पिठाचे चीज घातलेले गोळे. टोपली घेऊन दोघी बसस्थानकावर उभ्या राहत. पहिले काही दिवस लोक पेर्लाच्या हातून घेत, नोएमीच्या हातून नाही. मग एका ड्रायव्हरनं जाता जाता म्हटलं, "नोएमी, उद्या माझ्यासाठी चार ठेव." घरी येऊन ती तीनदा तेच सांगत होती. चार ठेव म्हणाला. नावानं म्हणाला.

आणि मग तो रविवार आला.

एल्वियोचे वीटभट्टीवरचे दोस्त अंगणात जमले होते. आमच्याकडे पाजणारा एकच असतो. तो भरून देतो, रिकामा तुंबा परत घेतो, पुन्हा भरून पुढच्याला देतो. कुणाची पाळी चुकवायची नाही आणि नळी पुसायची नाही. पुसणं म्हणजे आधी प्यायलेल्याच्या तोंडावर थुंकणं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

नोएमी प्यायली. पुढची पाळी त्या दोस्तांतल्या तुचोची. त्यानं हात पुढे केलाच नाही.

"काय रे," तो म्हणाला, "तुरुंगातल्या चारशे बाप्यांचं उष्टं पाजतोस होय मला?"

सगळे खिंकाळले. एल्वियोही हसला. हसता हसता त्यानं सदऱ्याचं टोक धरलं आणि माझी नळी पुसली.

"घे रे बाबा, घे. चकचकीत!"

नोएमी उठली. "चिपा जळतील," म्हणाली आणि आत गेली. भट्टीत तेव्हा एकही चिपा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं एक बाटली कापली. "तू तुझं पी. मला याची सवय आहे."

"नाटकं नकोत," एल्वियो म्हणाला. पण मला उचलून तिच्या हातात दिलं नाही. मी वाट बघत होतो. हातभर अंतर होतं.

जून लागला. जून म्हणजे आमची कडाक्याची थंडी. ती मागच्या खोपटात झोपायला गेली. म्हणे, आत उकडतं. एल्वियोनं विचारलंसुद्धा नाही की जूनमध्ये कुणाला उकडतं.

बसस्थानकावर ती टोपलीसकट कोसळली.

इस्पितळात तिला पुरुषांच्या खोलीत ठेवलं होतं. खाटेच्या पाटीवर जुनं नाव. एल्वियोनं ते खरवडून पेनानं नोएमी लिहिलं, नर्स ओरडली, तोही ओरडला. डॉक्टर म्हणाला, न्यूमोनिया आहे, आठ दिवस आधी आणायला हवं होतं. एल्वियो पेर्लाच्या अंगावर गेला, "तुला माहीत होतं?"

"खोकताना पकडलं होतं तिला," पेर्ला म्हणाली. "म्हटलं, चल दवाखान्यात. तर पाया पडली माझ्या. म्हणाली, मावशी, त्यानं एकदा पुसलंय. आजारी आहे कळलं तर सही मागे घेईल. चार महिनेच राहिलेत, निघतील कसेतरी. आणि मी गाढव, तिचं ऐकलं."

संध्याकाळी एल्वियोनं मला पिशवीतून काढलं. दूध ओतलं, साखर घातली. आधी स्वतः चाखलं, अगदी ती चाखायची तसं, आणि नळी तिच्या ओठांना लावली. ती दोन घोट प्यायली. मग चादरीचं टोक उचलून तिनं नळी पुसली. नीट, दोनदा.

"घे," ती म्हणाली. "चकचकीत."

टोमणा होता की माया, मला कळलं नाही. एल्वियोलाही नाही. विचारायला फार दिवस मिळाले नाहीत. तिसऱ्या दिवशी ती गेली.

महिन्यानं एल्वियो पेर्लाच्या दारात उभा राहिला. मी त्याच्या काखेत.

"मावशी, कुणी सुटणार असेल तर माझी सही घे. घर आहे, खाट आहे."

"तुझी नको."

"मी बदललोय."

"असशील. पण ते तपासून बघायला मी दुसरी पोरगी देणार नाही."

त्यानं मला तिच्या हातात कोंबलं आणि पळाला. मी पेर्लाच्या स्वयंपाकघरात राहिलो. पाच-सहा जणी, सगळ्या आत राहून आलेल्या. एकीच्या ओठांवरून दुसरीच्या ओठांवर जायचो. आपसात कुणी नळी पुसत नसे. एल्वियो दर रविवारी पिठाचं पोतं फाटकाशी ठेवून जायचा. पेर्ला पोतं घ्यायची, त्याला आत बोलवायची नाही.

गेल्या रविवारी एक पोरगी नुकतीच सुटून आली होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. फाटकाशी माणूस उभा दिसला म्हणून तिनं मला भरलं, पाजणारीनं घ्यायचा पहिला घोट घेतला आणि त्याच्याकडे नेलं. मग त्याच्या तोंडाकडे बघून थबकली. बाहेरच्या माणसाला किळस येईल, असं वाटलं असावं. तिनं एप्रनचं टोक उचललं आणि नळी पुसायला लागली.

"पुसू नकोस!"

एल्वियो एवढ्यानं ओरडला की ती दचकली आणि मी फाटकातल्या फरशीवर आपटलो. तोंडापासून बुडापर्यंत तडा गेला. आता माझ्यात पाणी ठरत नाही. पेर्लानं टाकून दिलं नाही, फळीवर ठेवलंय.

तुमच्याकडे कुणी सुटून येणार असेल, तर सही करण्याआधी एवढंच बघा, चार दोस्तांसमोर, त्याचं पिऊन झाल्यावर, त्याच नळीला न पुसता ओठ लावाल का? नसाल लावणार तर पेन खाली ठेवा.

'पुसू नकोस' म्हणणारा तो आवाज एल्वियोजवळ होता. त्या रविवारी अंगणातही त्याच्याजवळच होता.