पाण्याला घाबरणारी म्हैस आणि मी

मित्रांनो, माझ्या अंगावरचे डाग पाहून नाक मुरडू नका. मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड आहे आणि यातला प्रत्येक डाग कुठल्या ना कुठल्या गोष्टीतून सांडलेला आहे.

दाराच्या फळीतून उरलेल्या लाकडाचा मी. सुताराने मला इतके घासले, की हात फिरवला तरी कुसळ लागू नये. दोन बहिणींनी मला घरी नेले. थोरली मुलांसाठी गोष्टी लिहायची, धाकटी त्यांची चित्रे काढायची. थोरलीचा कागद माझ्या वरच्या कडेला टाचलेला, धाकटीचा खाली पसरलेला. अशी नऊ पुस्तके माझ्या अंगाखांद्यावर वाढली.

मग धाकटीने संगणक घेतला आणि माझी रवानगी मोरीत झाली, पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून! दोन वर्षे माझ्या डोक्यावर तांब्या आदळत होता. पण पडद्यासमोर दोघींना शेजारी बसून धड भांडताही येईना, म्हणून धाकटीने मला धुऊनपुसून पुन्हा टेबलावर आणले.

नवी गोष्ट पाण्याला घाबरणाऱ्या म्हशीची होती. थोरलीने लिहिले होते, म्हशीचे डोळे विस्फारले, पाय लटपटले, कान मागे गेले, शेपूट ताठ झाले. धाकटीचे म्हणणे, हे सगळे चित्रात आहेच, त्या ओळी काढून टाक. माझे शब्द म्हणजे काय भाजीचे देठ आहेत खुडून टाकायला, असे म्हणून थोरली फुगून बसली. चार दिवस अबोला. छापखान्याची तारीख डोक्यावर आलेली आणि या दोघी माझ्यावर चिठ्ठ्या टाचून बोलत होत्या. ‘दूध संपलं आहे.’ ‘मग आण.’

पाचव्या दिवशी जवळच्या शाळेतली मुले पुस्तक कसे तयार होते ते पाहायला आली. बोलावणे महिन्यापूर्वीच दिलेले, टाळणार कसे? धाकटीने चित्र उभे धरले, थोरली वाचू लागली. मुले चित्र पाहून आधीच खुदखुदत होती. पुढे बसलेली दोन वेण्यांची मुलगी हळूच म्हणाली, “मावशी, हे नका ना वाचू. आम्हाला दिसतंय ते.”

माझी तर पाचावर धारण बसली. थोरलीने चित्र पहिल्यांदाच नीट निरखले, पेन्सिल उचलली आणि चारही ओळी खोडल्या. धाकटीचा चेहरा खुलला. पण मुलीचे संपले नव्हते.

“ती पाण्यात उतरली, तेव्हा तिला कसं वाटलं?”

धाकटीने शेवटचे चित्र पुढे केले. त्यात पाणी होते, म्हैस होती. मुलगी नकारार्थी मान हलवत राहिली.

“ते मला काढता येत नाही,” धाकटी शेवटी म्हणाली. “ते ताईलाच विचार.”

चार दिवसांनी त्या घरात ‘ताई’ ऐकू आले. थोरलीने तिथल्या तिथे माझ्यावर कागद ठेवून लिहिले आणि वाचून दाखवले, “पाणी आधी परकं लागलं. मग कुणी पाठीवरून हात फिरवावा तसं लागलं.”

मुलीने पसंतीची मान हलवली. दोघी बहिणी एकमेकींकडे पाहून हसल्या, आणि त्या गडबडीत रंगाची वाटी माझ्यावर कलंडली. मला मुळीच राग आला नाही.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. चित्रांचे पुस्तक हाती आले, की पाने भराभर उलटू नका. जिथे शब्द कमी दिसतील, तिथे जरा जास्त थांबा. कुणीतरी आपल्या आवडत्या ओळी खोडून ती जागा तुमच्यासाठी मोकळी ठेवलेली असते.