काकूंच्या हातातला माईक

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो. हल्ली तुम्ही पाहता तसा बिनवायरीचा, नाजूक नव्हे. माझे डोके लोखंडी जाळीचे आहे, मान जाड आहे आणि मागे शेपटीसारखी लांब काळी वायर आहे. सध्या माझा मुक्काम एका काचेच्या कपाटात असतो. रोज सकाळी शिपाई काच पुसतो. येणारे-जाणारे माझ्याकडे कौतुकाने बघतात. तरीही मी सुखी नाही. का, ते सांगतो.

कारखान्यात माझी जुळणी झाली तेव्हा एका बाईने माझ्या तोंडाशी "हॅलो, हॅलो" म्हटले, मान डोलावली आणि मला खोक्यात बंद केले. ते खोके उघडले ते थेट एका दातांच्या डॉक्टरांनी. डॉक्टरांना सिनेमाचे भारी वेड होते. गावातल्या थिएटरांत कधीच लागणार नाहीत, असे दूरदूरच्या देशांतले सिनेमे मागवून दाखवणारे एक मंडळ त्यांनी काढले होते. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती. तिथे घडीच्या खुर्च्या, भिंतीवर पांढरा पडदा आणि मागे घरघरणारा प्रोजेक्टर एवढाच संसार. रविवारी दुपारी खिडक्यांना काळे कापड लावले की खेळ सुरू होई.

सिनेमे फार सुंदर असत. एका बेटावरचा दिवे लावणारा म्हातारा, बर्फात अडकलेली शाळा, वाळवंटात बंद पडलेली बस ढकलणारी भावंडे. ज्या देशांची नावेही कोणी ऐकली नव्हती, तिथली माणसे त्या भिंतीवर रडत, हसत, भांडत. पण ती काय बोलतात हे कोणाला कळावे? काही सिनेमांत खाली इंग्रजी अक्षरे येत, काहींत तीही नसत. मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत.

डॉक्टरांच्या पत्नीला सगळे काकू म्हणत. दवाखान्यात त्या रोग्यांना आळीपाळीने आत सोडत. भेदरलेल्या पोरांना गोष्टी सांगत सांगत खुर्चीत बसवण्यात त्यांचा हातखंडा होता. एकदा त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "अहो, लोक कंटाळून उठत नाहीत. त्यांना कोणी सांगत नाही म्हणून उठतात. सिनेमाच्या डब्याबरोबर संवादांचे इंग्रजी कागद येतात ना, ते द्या माझ्याकडे."

"तू बोलणार? सगळ्यांचं?"

"म्हाताऱ्याचं बोलेन, पोराचं बोलेन. घोडा बोलत असला तर घोड्याचंही बोलेन!"

पुढच्या रविवारी काकू पडद्याशेजारी स्टुलावर बसल्या आणि त्यांनी मला हातात घेतले. बेटावरचा तो सिनेमा होता. मुलगी कायमची गाव सोडून निघते आणि होडीत पाय ठेवते. म्हातारा बाप एकच शब्द बोलतो. कागदावर त्याचा अर्थ नुसता 'निरोप' असा होता. काकूंनी कागद मांडीवर ठेवला आणि त्या हळूच म्हणाल्या, "जाते म्हणू नकोस, पोरी. येते म्हण."

अंधारात कोणीतरी नाक शिंकरले. मग आणखी कोणीतरी. त्या दिवशी एकही खुर्ची रिकामी झाली नाही.

त्यानंतर माझे सोन्याचे दिवस आले. बेकरीवाला येऊ लागला, इस्त्रीवाल्या बायका येऊ लागल्या, एक बसड्रायव्हर आपल्या आईला घेऊन येऊ लागला. आजींना अक्षरओळख नव्हती. त्या पहिल्या रांगेत पाय वर घेऊन बसत आणि थेट पडद्याशीच बोलत. "अगं, त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस, मेला थापाड्या आहे!"

काकू माझ्यातून उत्तर देत, "आजी, कळतंय हो मला, पण माझं मेलीचं प्रेम आहे त्याच्यावर!" सगळी खोली हसे. घरी जाताना त्या बायका परक्या देशांतल्या माणसांविषयी अशा बोलत, जणू ती शेजारच्या घरात राहतात. मित्रांनो, याहून मोठे काम मला कोणते मिळणार होते?

मग मंडळात एक प्राध्यापक आले. मोठ्या शहरातली एक नामांकित संस्था आपल्या मंडळाला सामावून घ्यायला तयार आहे, अशी बातमी त्यांनी आणली. नवे सिनेमे मिळतील, डॉक्टरांना त्या संस्थेत पद मिळेल. अट एकच होती. ही बडबड बंद झाली पाहिजे.

बैठकीत मी टेबलावरच होतो. प्राध्यापक म्हणाले, "सिनेमा ही पाहायची कला आहे. आपण काय धुणं वाळत घालताना गप्पा मारतोय का?"

काकूंनी विचारले, "खालची अक्षरं ज्यांना वाचता येत नाहीत, त्यांनी काय करायचं?"

"वाचायला शिकावं."

मतदान झाले. एकेक हात वर गेला. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. काकूंकडे न बघता त्यांनीही हात वर केला.

काकूंनी माझी वायर पीळ पडू नये अशी नीट गुंडाळली आणि मला फळीवर ठेवले. त्यानंतर कित्येक वर्षे त्या तो जिना चढल्या नाहीत.

पुढच्या रविवारी आजी आल्या. बराच वेळ त्या वाट बघत राहिल्या. मग मुलाला मोठ्याने म्हणाल्या, "का रे, या सिनेमातले सगळे मुके झाले का?" मागून कोणीतरी 'शूऽऽ' केले. आजी ओशाळल्या. मध्यंतरात मुलाचा हात धरून त्या खाली उतरल्या, त्या कायमच्याच. इस्त्रीवाल्या बायकाही हळूहळू गळाल्या. उरली ती हाताची घडी घालून बसणारी मोजकी मंडळी. सिनेमा संपला की प्राध्यापक मला हातात घेऊन लांबलचक भाषण करत. त्या बडबडीला मात्र कोणाची हरकत नव्हती. मला ती वाहून न्यावीच लागे. माईकला मत नसते.

बऱ्याच वर्षांनी मंडळाचा वर्धापनदिन मोठ्या थाटात झाला. डॉक्टर काकूंना घेऊन आले. काकूंचे केस पांढरे झाले होते. प्राध्यापक हसत म्हणाले, "आमच्या बाळबोध दिवसांची एक गंमत दाखवतो! काकू, म्हणून दाखवा की चार वाक्यं."

काकूंनी मला हातात घेतले. मी वाट पाहत होतो. त्यांनी पहिल्या रांगेवरून नजर फिरवली. तिथे कोट घातलेले पाहुणे होते.

"ड्रायव्हरच्या आई नाही आल्या?" त्यांनी विचारले.

डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले, "अगं, त्या केव्हाच गेल्या. म्हण ना दोन ओळी, लोक थांबलेत."

"मला कोणी सांगितलं नाही," काकू म्हणाल्या. मग पाहुण्यांकडे वळून त्या म्हणाल्या, "तुम्हाला सगळ्यांना वाचता येतं. मी कोणासाठी बोलू?"

त्यांनी मला टेबलावर ठेवले आणि त्या एकट्याच जिना उतरून गेल्या. हा कार्यक्रमाचाच भाग आहे असे वाटून लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरही टाळ्या वाजवत बसले.

आता माझ्या कपाटावर एक पाटी आहे: 'संस्थापक अध्यक्ष डॉक्टरसाहेब यांचा माईक'. काकूंचे नाव कुठेच नाही.

मित्रांनो, मला जपू नका. माझ्यासारखे माईक बाजारात ढिगाने मिळतात. पण जगातल्या कुठल्याशा कोपऱ्यातली एखादी सुंदर गोष्ट तुम्हाला कळली आणि शेजारच्याला कळली नाही, तर त्याला ती त्याच्या भाषेत सांगा. कोणी डोळे वटारले तरी सांगा. आणि ते त्याच दिवशी सांगा. ऐकणारे माणूस कायम खुर्चीत बसून राहत नाही.