वारा कोंडलेलं मडकं

मडक्याला कान लावायला अख्खा तांडा रांगेत उभा होता. पहाटे सुटलेल्या वादळाने निम्म्या झोपड्यांची छपरं उडवली होती, कणसांनी भरलेली ज्वारी आडवी केली होती आणि फुटलेला कापूस चिखलात कालवला होता. दुपारी वारा एकाएकी पडला. तो गेला कुठे, तर या मडक्यात!

"हाय बाप्पा, हाय! आतमंदी घूं घूं करून राह्यला!" ज्याने ऐकलं तो डोळे विस्फारून मागच्याला सांगत होता.

मडक्याचे मालक होते वाराबांधे महाराज. हा गृहस्थ परवाच दारव्ह्याकडून उगवला. 'वादळ येणार' म्हणाला, वादळ आलं. 'बांधतो' म्हणाला, वारा थांबला. लोकांना आणखी काय हवं! तांड्याचा म्होरक्या लालसिंग नाईक याने बोकड कापला आणि महाराज रस्सा ओरपत बसले.

"हा साधासुधा वारा नोहे, बच्चा! सात समुंदर पिऊन आलेलं पिशाच्च हाय," मिशीवरचं तेल पुसत महाराज गरजले. "म्या राखेचं रिंगण ओढलं. दिवस बुडेपर्यंत कोणी बाहेर पाय टाकला, तर मडकं फुटलंच समजा. नाईकाचा घंटीवाला बैल बी मधातच बांधा!"

महाराज बेरकी होता. बैलांवर माल लादून मुलूख फिरायच्या दिवसांत घंटीवाला बैल पुढे निघाल्याशिवाय तांडा हलत नसे. फिरणं सुटून शेती आली, तरी ती सवय पायांतून गेली नव्हती. बैल रिंगणात, नाल्याकाठच्या खोलगट जागी बांधला गेला आणि सगळा तांडा तिथेच खिळला.

रुपीबाई मात्र रांगेत नव्हती. नाईकाची ही आई झोपडीच्या दारात उभी राहून नाल्याकडे बघत होती. वारा पडला होता, पण पाऊस कुठे थांबला होता? नाल्याचं पाणी लाल होऊन चढत होतं. आत तिची सून नंदाबाई चार दिवसांच्या पोरीला कुशीत घेऊन निजली होती. या महाराजाचा रुपीबाईला पहिल्यापासून संताप आला होता.

तेवढ्यात चिखलातून सायकल ढकलत शाळेचे मोहिउद्दीन मास्तर आले.

"नाईक, माळावर चाला सगळे! वारा गेला, पण पाणी मागून येऊन राह्यलं. रेडिओवर सांगतलं होतं!"

"शाळेच्या फळ्यावर वारा बांधून दाखवा, मास्तर!" महाराज खिदळले. रांगही हसली.

"लाल्या," रुपीबाई लेकाजवळ गेली, "तुह्या बापानं कधी खोलगट जागी बैल बांधला होता काय? नाल्याकडं पाह्य जरा!"

"याडी, महाराजांचा शब्द हाय," लालसिंग आईला म्हणाला.

"आन् तुह्या पोरीचा जीव?"

लालसिंग महाराजाकडे बघू लागला. लेकाचा रुपीबाईला इतका राग आला, की तिने कमरेचा विळा काढला आणि बैलाचं दावं कापलं. बैलाच्या पाठीवर थाप मारून तिने त्याला माळाच्या वाटेला लावलं. घंटी वाजली. गुरं उठली, बायांनी पोरं काखेत मारली, मास्तरांनी नंदाबाईला हात दिला. महाराजावर श्रद्धा ठेवणारेही घंटीमागे चालू लागले. महाराज आधी शाप देत राहिले, मग नाल्याचा आवाज ऐकून मडक्यासकट बैलाच्याही पुढे धावले.

माळावरून लोकांनी पाहिलं. वरच्या रानांतलं पाणी एका लोंढ्याने आलं, राखेचं रिंगण पुसून गेलं आणि नंदाबाईची झोपडी पोरीच्या झोळीसकट वाहून गेली. दाव्याला बांधलेल्याच राहिलेल्या शेळ्यांचा आवाज थोडा वेळ आला, मग तोही थांबला.

"रिंगण मोडलं म्हणून कोप झाला!" धाप टाकत महाराज ओरडले. "या बुढीनं केलं हे!"

आणि निर्लज्जपणा बघा, काही माना डोलल्यासुद्धा. रुपीबाईकडे लोक वाकड्या नजरेने बघू लागले.

लोकांनी सोबत आणलेल्या भांड्यांतून मास्तरांनी नंदाबाईची रिकामी घागर उचलून लालसिंगच्या कानाला लावली.

"काय ऐकू येते, नाईक?"

"घूं घूं..." लालसिंग चपापला.

"आता हा लोटा लावा. हे गाडगं लावा. सगळ्यांत महाराजानं वारा कोंडला काय? कोणत्याही पोकळ भांड्याले कान लावला, का भवतालचाच आवाज आत घुमते."

रुपीबाईने महाराजाच्या हातातलं मडकं हिसकावून दगडावर आपटलं. खापऱ्या झाल्या. वाऱ्याची साधी झुळूकही सुटली नाही.

"पण वादळ येणार, हे याले कसं समजलं?" लालसिंगने विचारलं.

"दारव्ह्याच्या हाटेलात रेडिओ लागला होता. माह्या शेजारच्या बाकावर हाच बसला होता, भजे खात! वादळ जन्मते तिकडं पूर्वेच्या समुद्रावर. गरम पाण्याची वाफ हे त्याचं जळण. जमिनीवर आलं, का जळण तुटते. मंग चुलीवानी वाऱ्याचा जोर विझत जाते. पण ढगांत भरलेलं पाणी? ते वाटेत सांडतच येते. वारा पडला म्हणजे धोका टळला, असं नाही."

"काहून रे महाराज," रुपीबाई पुढे झाली, "वारा तू बांधला म्हणते, त पाणी कायले सोडलं?"

महाराज मागे सरकू लागला. लालसिंगने त्याची मानगूट धरली, पण मारलं नाही. पाणी उतरताच पोलिसांच्या हवाली करायचं ठरवलं. मग तो बायकोजवळ गेला आणि पोरीला छातीशी धरून सगळ्यांसमोर रडला. "याडी, म्या हिले बुडवलंच होतं," तो म्हणाला.

वाचकहो, अशी सोंगं गावोगाव फिरतात आणि आपण बोकड कापून त्यांना पोसतो. उद्या कोणी वारा बांधला म्हणाला, तर कसा बांधला ते विचारा. त्याची वस्तू हातात घ्या, उलटी करून बघा. आभाळ भरलं की बातम्या ऐका आणि पाणी चढायच्या आत उंचावर जा. शंका घेतल्याने कुठला देव कोपत नाही. तांड्यातली चार दिवसांची पोर त्या दिवशी वाचली, कारण सगळे मडक्याला कान लावून उभे असताना तिची आजी नाल्याकडे बघत होती.