चौदा नंबरचे टाके

बेसबॉलच्या उन्हाळी स्पर्धेच्या आधी एका शनिवारी मुलांना पाठीवर शिवायचे नंबर वाटतात. त्या दिवशी इसोहामा हायस्कूलच्या मैदानावर आई-बापांना काही काम नसतं, तरी सगळे हजर असतात. जाळीच्या बाहेर उभे राहतात आणि एकमेकांशी हवेबद्दल बोलतात. आत मुलं टोप्या हातात घेऊन ओळीनं उभी असतात, भादरलेली डोकी उन्हात चमकत असतात. नंबर वीस. मुलं त्याहून जास्त.

सावाको जवाच्या थंड चहाचं पिंप धरून उभी होती. ते कधीच रिकामं झालं होतं, पण ते हातात असलं की हातांचं काय करायचं हा प्रश्न पडत नव्हता. तिच्या रित्सुचं हे शाळेचं शेवटचं वर्ष. आधीचे दोन्ही उन्हाळे त्यानं प्रेक्षकांत बसून ढोल बडवला होता. यंदा नाही तर मग नाहीच.

"चौदा," संघाचे सर म्हणाले. "ओगासा रित्सु."

रित्सु पळत पुढे गेला, पांढऱ्या कापडाचा तो चौकोन दोन्ही हातांनी घेतला, कमरेत वाकला आणि पळत परत आला. जाळीकडे त्यानं पाहिलं नाही. पाहायचं नसतं.

"रित्सुची आई, पिंप ठेवा आता खाली," कुवाताबाई म्हणाल्या. आयांच्या मंडळाच्या त्या प्रमुख, आवाज मैदानाला पुरून उरेल असा. "चेपून टाकाल त्याला."

वीस नावं संपली. हामासाकांच्या इबुकीचं नाव आलं नाही. इबुकी आणि रित्सु बालवाडीपासूनचे सोबती, दोघांचंही शेवटचं वर्ष. रित्सु फटके मारायला चांगला, इबुकी पळायला. प्रत्येक नावाला सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्या इबुकीनंच. शेवटी त्याचे तळवे लाल झालेले सावाकोला जाळीतून दिसले, आणि आपला आनंद जरा आत सारावा असं तिला वाटलं.

इबुकीचे वडील बंदरावरून तसेच आले होते, रबरी बुटांत. माकुळ मासळी मारायच्या बोटीवर ते कामाला. घरात बाप आणि लेक दोघंच. ते सावाकोकडे वळून म्हणाले, "अभिनंदन, वहिनी." आणि जाता जाता, "उद्या बर्फ मी आणतो. पाळी माझी आहे."

ते येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. मुलाला नंबर मिळाला नाही की काही बाप दुसऱ्या दिवसापासून दिसेनासे होतात, आणि त्यांना नावं ठेवावीत असंही कुणाला वाटत नाही. हामासाका मात्र सकाळी बर्फाची पेटी खांद्यावर घेऊन हजर.

"हामासाकादादा, तुमच्या बर्फाला माशाचा वास येतो," कुवाताबाई म्हणाल्या.

"माशाला बर्फाचा येतो म्हणून गिऱ्हाईक ओरडतं," ते म्हणाले. "मी कुणाकुणाचं ऐकू?"

त्या रविवारी सावाकोनं नंबर शिवायला घेतला. खिडकीशी बसून आधी शर्टाचा मध्य काढला, टाचण्या लावल्या, पट्टीनं मोजलं, पुन्हा मोजलं. नंबर तिरका गेला तर तो सगळ्या उन्हाळाभर सगळ्या गावाला दिसतो. बऱ्याच जणी मशीनवर शिवतात. मशीनचा टाका एक सुटला की मागचे सगळे निघतात, म्हणून तिनं हातानं शिवला. दुहेरी दोरा, तिळाएवढे टाके.

केन्साकु, तिचा नवरा, बस चालवून दमून आला होता. त्यानं शर्ट उजेडात धरला, अंगठ्यानं कडा ओढून बघितली. "शर्ट फाटेल, पण हा निघायचा नाही," तो म्हणाला. बायकोच्या कामाची याहून मोठी स्तुती त्यानं लग्नापासून केली नव्हती.

पहिल्या सामन्याला आठवडा उरला होता तेव्हाची गोष्ट. शनिवारी रात्रीचं जेवण चाललं होतं. सरांचा नियम होता की प्रत्येक मुलानं रात्री तीन वाट्या भात संपवायचा. रित्सुनं भाताची वाटी टेबलावरच ठेवली होती आणि तो मान खाली घालून खात होता.

"कुत्र्यासारखं काय खातोस? वाटी उचल," सावाको म्हणाली. लहानपणापासून हजारदा म्हटलेलं वाक्य. जेवताना वाटी डाव्या हातात घ्यायची असते, हे या मुलानं बोलायच्याही आधी शिकलं होतं.

त्यानं वाटी उचलली. बोटांनी नाही, तळव्यावर ठेवून, आणि तीही अंगठा बाजूला धरून. मग काही घास झाल्यावर ती हळूच टेबलावर परत गेली.

सावाकोनं त्याला आमटी वाढली. विचारलं, "कुठे लागलं?"

"कुठे काय?"

"रित्सु."

त्यानं डाव्या हाताची बाही वर सारली. "चेंडू लागलाय मनगटाला. सुजलंय थोडं. उतरेल."

"कधी?"

"गुरुवारी."

"मग आतापर्यंत उतरायला हवं होतं," ती म्हणाली.

केन्साकुनं पेपर खाली ठेवला. "पट्टी घट्ट बांध. आमच्या वेळी मी मोडक्या बोटानं खेळलोय."

"आणि चेंडू सोडलेत," सावाको म्हणाली.

"एकच सोडला."

"सामना त्याच्यावरच गेला ना?"

केन्साकुनं पेपर पुन्हा वर केला. पण पेपराआडूनच म्हणाला, "शेवटचा उन्हाळा आहे गं त्याचा."

ते तिला सांगायची गरज नव्हती. यादीत बदल करायचा तर सोमवारपर्यंतच करता येणार होता. त्यानंतर नंबर ज्याच्या पाठीवर, त्याच्याच पाठीवर. सरांना फोन करावा की करू नये, हे रविवारभर तिच्या डोक्यात घोळत होतं. फोन केला तर मुलाचा नंबर आईनं काढून घेतला असं होईल. गप्प बसलं तर तो एका हातानं उभा राहील, आणि चेंडू नेमका त्याच्याकडेच येईल. चेंडूला काही कळत नाही. शिवाय एक गोष्ट तिला छळत होती. त्या शर्टात त्यानं एकदा तरी मैदानात पळावं, ही इच्छा त्याची जेवढी होती त्याहून तिची जास्त होती. ती इच्छा बाजूला काढून ठेवल्याशिवाय नीट विचार करता येईना, आणि ती बाजूला होईना.

सोमवारी सकाळी रित्सु दारात बुटांचे बंद बांधत होता. एका हातानं ते जमत नव्हतं. सावाको खाली बसली आणि तिनं ते बांधले. पहिलीत असताना बांधायची तसे.

"मी काही सरांना फोन करणार नाही," ती गाठीकडे बघत म्हणाली. "पण त्यांनी मला विचारलं, तर खोटंही सांगणार नाही. बाकी तुझं तू बघ."

"तू चिडली आहेस?"

"नाही रे. बंद घट्ट झालेत का सांग."

"ठीक आहेत," तो म्हणाला आणि गेला.

तो दिवस कसा गेला ते मासळीच्या वड्यांच्या त्या दुकानाला माहीत, जिथे ती काउंटरला असते. दोन गिऱ्हाइकांना तिनं एकमेकांच्या पिशव्या दिल्या.

संध्याकाळी रित्सु घरी आला तेव्हा हात गळ्यात बांधलेला होता. हाडाला चीर आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. रित्सुनं सकाळीच सरांना सांगून टाकलं होतं, आणि सर स्वतः त्याला घेऊन गेले होते. तो सरळ खोलीत गेला, शर्ट घेऊन आला आणि टेबलावर पसरला.

"आई, तुझी ती छोटी कात्री दे."

"काय म्हणाले सर?"

"आधी डॉक्टरकडे नेलं. मग म्हणाले, तुझ्या जागी कोण, तुला काय वाटतं. मी म्हटलं इबुकी. ते म्हणाले, माझ्याही मनात तोच." तो खुर्चीत बसला. "उद्या सकाळी त्याला नंबर नेऊन द्यायचाय."

सावाकोनं कात्री दिली. तो एका हातानं उसवायला लागला. टाके इतके लहान की कात्रीचं टोक खाली जाईना. तिनं हात पुढे केला, तसं तो म्हणाला, "नको. मी काढतो." मग तिनं फक्त शर्ट ताणून धरला. मध्येच तो म्हणाला, "केवढं घट्ट शिवलंयस." आणि तेव्हाच, फक्त तेव्हाच, त्याचा आवाज जरा फाटला. तिनं शर्ट आणखी ताणून धरला. केन्साकु आला, दारातून बघितलं आणि बूट न काढता पुन्हा बाहेर गेला. घराला दोन फेऱ्या मारून मग आत आला.

दुसऱ्या दिवशी 'नंबर मी शिवून देते' असं हामासाकांना कळवावं, असं सावाकोच्या मनात आलं होतं. तिनं कळवलं नाही. शिवतील त्यांचे ते, असं तिनं स्वतःला सांगितलं. एकच कापड दोनदा शिवायला हात उचलेना, एवढंच खरं.

सामन्याच्या दिवशी सकाळी शाळेच्या दारात बस उभी होती. आया पिंप चढवत होत्या. तेवढ्यात हामासाका सायकलवरून आले, मागे इबुकी. इबुकीच्या अंगात सरावाचा साधा शर्ट. सामन्याचा शर्ट बापाच्या हातात.

"वहिनी, जरा बघता का," ते सगळ्या बायकांना मिळून म्हणाले. "काल मी शिवला. पक्का बसलाय. पण हा म्हणतो, अंगात जात नाही."

कुवाताबाईंनी शर्ट उलगडला. नंबर बरोबर मध्यावर होता, अगदी सरळ. जाळं विणायच्या नायलॉनच्या दोऱ्यानं शिवलेला, हर टाक्याला जाळ्याची गाठ. फक्त शर्टाची पाठ आणि पोट एकत्र शिवलं गेलं होतं.

मग कुवाताबाईंना हसू आवरेना, आणि एकीचं बघून दुसरीला.

"दादा, यात इबुकी नाही, माकुळ सापडेल."

"आयुष्यभर हेच शिवलं," हामासाका ओशाळून म्हणाले. "सुई आरपार काढायची सवय. रात्री बोटीवर होतो, उजेड कमी. बोटीवरचे सगळे म्हणत होते, छान झालाय."

इबुकी बापाच्या मागे उभा होता. तो हसत नव्हता. तो बसच्या पायरीवर उभ्या असलेल्या रित्सुकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती होती: हा नंबर आपला नव्हताच, म्हणून तो अंगात जात नाही, अशी काहीतरी.

रित्सु पायरी उतरला. शर्ट कुवाताबाईंच्या हातातून घेऊन त्यानं तो सावाकोसमोर धरला.

"आई, तू शिव. तुझा निघत नाही. मला माहितेय."

सावाकोनं शर्ट घेतला. पिशवीत सुईदोरा होताच. या आयांच्या पिशवीत तो असतोच. बस सुटली आणि ती पहिल्या बाकावर बसून नायलॉनच्या गाठी कापायला लागली. गाठी बघता बघता तिच्या लक्षात आलं की एकही गाठ ढिली नव्हती. डुलणाऱ्या बोटीवर, दिवसभराच्या कामानंतर, या माणसानं मुलाच्या पाठीसाठी आपल्याला येणारं सगळ्यात चांगलं काम केलं होतं. फक्त शर्टाला दोन बाजू असतात हे विसरून. तिनं कापलेले दोऱ्याचे तुकडे टाकले नाहीत, खिशात ठेवले. मग दुहेरी दोरा ओवला. वळणावर केन्साकु बस हळू घ्यायचा. त्या दिवशी तोच चालवत होता. आरशात त्याला ती दिसत होती. स्टेडियम येईपर्यंत शेवटचा टाका झाला.

शेवटच्या डावापर्यंत दोन्ही संघ बरोबरीत होते. इसोहामाचा एक जाडजूड मुलगा दुसऱ्या बेसवर पोचला होता आणि धापा टाकत होता. सरांनी त्याला परत बोलावलं आणि त्याच्या जागी पळायला इबुकीला पाठवलं. पाठीवर चौदा.

प्रेक्षकांत रित्सु कोऱ्या पाठीचा शर्ट घालून उभा होता आणि उजव्या हातानं ढोल वाजवत होता. एका हातानं वाजवल्यामुळे ठेका मोडत होता, म्हणून पहिल्या वर्षाचा एक पोरगा दुसरी काठी घेऊन मधल्या जागा भरत होता.

फटका उजवीकडे गेला. इबुकी तिसऱ्या बेसवर थांबलाच नाही. चेंडू आणि तो दोघंही, जिथे पोचलं की धाव होते त्या घराच्या बेसकडे एकदमच येत होते. त्यानं अंग झोकलं, पाठीवर घसरत गेला, समोरच्या रक्षकावर आदळला, आणि दोघं धुळीत गडगडत गेले. पंचानं दोन्ही हात बाजूला पसरले. धाव झाली होती, सामना जिंकला होता.

इबुकी उठला. पाठ काळी झाली होती, खांद्यापाशी शर्ट फाटला होता. चौदा मात्र चारही कोपऱ्यांनी जागच्या जागी होता.

ढोल थांबला होता. सावाकोनं वळून पाहिलं. रित्सु काठी उंच धरून ओरडत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्यात काही लपवलेलं नव्हतं. तिनं त्याला बेसवर पळताना पाहिलं नाही, ते आता ती कधीच पाहणार नव्हती. पण हे पाहिलं होतं. शेजारी हामासाका दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले होते.

बाहेर पडताना ती त्यांना म्हणाली, "शर्ट द्या माझ्याकडे. तुम्ही बोटीवर जाणार. परवा पुन्हा सामना आहे."

"नाही हो वहिनी, मी धुतो की."

"दादा," कुवाताबाई म्हणाल्या, "द्या त्यांना. तुम्ही धुवाल तर बाह्या शिवून आणाल."

संध्याकाळी अंगणात नळाखाली सावाकोनं शर्टाला साबणाची वडी घासायला घेतली. काळी माती पाण्याबरोबर वाहत होती. रित्सु शेजारी उकिडवा बसला आणि चांगल्या हातानं त्यानं शर्टाचं दुसरं टोक ताणून धरलं.

"नंबरवर जोरात घासू नकोस," तो म्हणाला.

"काही होत नाही त्याला."

"माहितेय. तरी." मग थोड्या वेळानं, "खांद्यापाशी फाटलाय, तेही शिवशील ना?"

"शिवते," ती म्हणाली. "आधी जेव. आणि वाटी टेबलावरच राहू दे."