अनुशी कुणापाशी?

अनुशी डेन्मार्कला गेली तेव्हा साडेचार वर्षांची होती. आई दुसऱ्या बाळंतपणात गेली, बाप नवं लग्न करून कर्नाटकात निघून गेला आणि अहमदपूरकडच्या एका खेड्यातून आजीनं, साखराबाईनं, तिला लातूरच्या बालसदनात आणून सोडलं. पुढं कोर्टाच्या परवानगीनं बालसदनानं तिला येन्स आणि इंगर या नवराबायकोच्या ताब्यात दिलं. मुलगी रुळतेय का, हे तिथल्या दत्तक-संस्थेनं दर तीन महिन्यांनी कळवायचं आणि मगच तिकडचं कायमचं दत्तकविधान व्हायचं, असं ठरलं होतं.

पहिले अहवाल वेळेवर आले. वजन वाढलंय, भाषा शिकतेय, सायकल चालवते. त्यानंतर काहीच आलं नाही.

हे अहवाल बघायचं काम पंचशीलाचं. ती उदगीरची, समाजकार्य शिकून बालसदनात लागलेली. तो दुष्काळाचा उन्हाळा होता. सकाळी टँकर आला की मुलांना रांगेत उभं करून घागरी भरून घ्यायच्या, कुणाला ताप, कुणाला जुलाब. त्या गडबडीतही ती मधेच थांबायची. हातातली घागर तशीच ठेवून पोस्टमन आला का बघायला फाटकाशी जायची. दोन पत्रं पाठवून झाली, तार झाली. उत्तर नाही.

साखराबाई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. सुट्टी मिळाली की एसटीनं लातूरला यायची आणि व्हरांड्यात टेकून एकच विचारायची, "कसं हाय बाई लेकरू?"

बालसदनाचे अधीक्षक विरूपाक्षअप्पा म्हणायचे, "बरी आहे म्हणून सांगून टाका. म्हातारीला तेवढंच ऐकायचंय."

पंचशीलाच्या तोंडून ते निघेना. "अजून कळलं नाही, आजी," एवढंच ती म्हणाली.

"कळलं न्हाई म्हंजे? जित्तं हाय ना?"

त्या प्रश्नानंतर पंचशीलाला जेवण गोड लागेना. तिनं अप्पांच्या मागं लागून परदेशी फोन बुक करायला लावला. टपाल कार्यालयात दुपार गेली. शेवटी लाइन लागली आणि डेन्मार्कच्या संस्थेतली बाई इंग्रजीत म्हणाली, "आम्ही कळवणारच होतो."

हिवाळ्यात बर्फावरून गाडी घसरली होती. इंगर जागीच गेली. येन्सचे पाय मोडले, तो बरेच दिवस दवाखान्यात होता. अनुशी गाडीत नव्हती. तिला एका दुसऱ्या जोडप्याकडं ठेवलं होतं आणि आता त्यांनाच ती कायमची हवी होती. "चांगलं घर आहे. तुमची संमती हवी."

"आणि येन्स?"

"ते आता कुबड्या घेऊन चालतात. मुलगी परत मागताहेत. पण एकटा पुरुष, त्यातून असा आघात झालेला. आई-वडील दोघं असलेलं घर मुलीसाठी बरं."

"अनुशी काय म्हणते?"

"ती सध्या फारशी बोलत नाही."

पंचशीला बालसदनात परतली ती तडक अप्पांच्या खोलीत गेली. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "बाई, ते लोक तिथं आहेत. आपल्याला इथून काय दिसणार? त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर?"

"ठेवला असता, अप्पा. पण तिची तिकडची आई मेली हे आपल्याला फोन करून विचारावं लागलं. आणि आपली अनुशी झोपेतसुद्धा बडबडायची. ती बोलत नाही म्हणतात!"

अप्पांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "मग काय करायचं म्हणता?"

"कोर्टात जायचं. कोर्टानं दिलेली मुलगी कोर्टाला विचारल्याशिवाय दुसरीकडं कशी जाईल?"

पुढच्या खेपेला साखराबाई आली तेव्हा पंचशीलानं काही लपवलं नाही. म्हातारी खांबाला पाठ लावून बसली होती. खडीनं फाटलेले हात मांडीवर तसेच उताणे राहिले.

"दुसरी माय बी गेली?" ती म्हणाली. मग, "आन् बाप?"

"बाप म्हणतोय, माझी पोरगी मला द्या."

साखराबाईनं मान वर केली. "हितला बाप आसं म्हणला न्हाई बाई. माय मेली तशी त्यानं पाठ फिरवली. त्यो गोरा कुबड्या टेकीत पोरगी मागून राहिला, आन् त्येला देत न्हाईत?"

लातूर वेगळा जिल्हा झाला होता, तरी अनुशीचा हुकूम जुन्या जिल्ह्याच्या कोर्टाचा, म्हणून अर्ज उस्मानाबादेत करायचा होता. तारखेला साखराबाई कामाचा खाडा करून आली. एसटीच्या खिडक्यांतून गरम धूळ आत येत होती. पंचशीला सारखी पिशवीतले कागद चाचपत होती. कोर्ट हसेल का, अप्पा ऐनवेळी मागं सरतील का, आणि तो येन्स खरंच सावरला नसेल तर? तिला त्याच्याबद्दल तरी काय माहीत होतं?

अप्पा मागं सरले नाहीत. बालसदनाची संमती सध्या नाही, असं त्यांनी स्वतः उभं राहून सांगितलं.

न्यायाधीशांनी साखराबाईला पुढं बोलावलं. "आजी, तुम्ही नात दिलेली आहे. कायद्यानं तुमचा हक्क उरलेला नाही. तरी काय म्हणायचंय ते बोला."

"हक्क न्हाई मागत साहेब," ती म्हणाली. "म्या पोटाला न्हाई म्हणून दिली. तिला परत नका आणू, हितं प्यायला पानी न्हाई. पर लेकरू तीनदा उठलं. माझ्या दारातनं उठलं, सदनातनं उठलं, आता तिथनं बी उठीवलं. सारखं उठवू नका. तिला इच्चारा, कुणापाशी ऱ्हाती."

हुकूम झाला. परवानगीशिवाय ताबा बदलायचा नाही. मुलीला आधी येन्सकडं राहायला पाठवायचं. संस्थेबाहेरच्या तज्ज्ञानं बाप-लेकीला भेटून कोर्टाला कळवायचं.

मग नुसती वाट बघणं आलं. पंचशीलाला रस्त्यात उभ्या उभ्या वाटायचं, आपण चुकलो. दुसऱ्या घरात पोरगी हळूहळू रुजली असती, आपण तिला चौथ्यांदा उपटलं. बालसदनातली पोरं भांडली की ती उगाच त्यांच्यावर ओरडायची आणि मग त्यांनाच जवळ घ्यायची.

पोळ्याच्या सुमाराला तज्ज्ञाचा अहवाल आला. पहिल्या दिवशी अनुशी येन्सच्या घरात खोल्या-खोल्यांतून इंगरला शोधत फिरली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. येन्सनं तिला इंगरच्या कबरीवर नेलं. तिथं ती खूप रडली, आणि परतताना गाडीत बोलायला लागली. मुलीनं वडिलांपाशीच राहावं, असं तज्ज्ञाचं मत होतं. कोर्टानं ते मानलं.

येन्सनं मग स्वतःच निरोप पाठवला, आजीला मुलीचा आवाज ऐकायचा असेल तर फोन लावू. अप्पा आधी "हे नियमात नाही" म्हणाले आणि नंतर स्वतःच टपाल कार्यालयात सोबत आले.

साखराबाईनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "अनुशे, म्या आजी."

पलीकडून भराभर काहीतरी आलं. डेन्मार्कची भाषा, एक शब्द ओळखीचा नाही. मधेच येन्सचा जाड आवाज, मग पुन्हा पोरीचं बोलणं, हसणं. साखराबाई डोळे मिटून ऐकत राहिली. लाइन तुटली तरी रिसीव्हर कानालाच होता.

"काय म्हणाली?" अप्पांनी विचारलं.

"काय की! येक शबुद उमगला न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पर लई बोलून राहिली बाई. दम घेत न्हाई."

तिला अहमदपूरच्या गाडीत बसवून पंचशीला स्टँडवरच थांबली. बालसदनाची आणखी एक मुलगी बेल्जियमला होती, नांदेडकडची. तिचे अहवाल वेळेवर येत. वजन, उंची, शाळा, सगळं ठीक. पण ती बोलते का, रात्री कुणापाशी झोपते, हे त्यात कुठंच नव्हतं आणि पंचशीलानंही कधी विचारलं नव्हतं. तिचा मामा नांदेडात राहत होता. पोरगी लहानपणी कशी होती, हे तरी त्याला विचारावं, म्हणजे बेल्जियमला काय विचारायचं ते कळेल.

नांदेडची गाडी फलाटाला लागली होती. अप्पांना निरोप द्यायलाही न थांबता ती चढली.