माझ्या पायाखालचा रंग

मित्रांनो, मी एक जुना व्होल्टेज रेग्युलेटर आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. आत्मवृत्त सांगणाऱ्याने गोड बोलावे असे म्हणतात. मला ते जमणार नाही.

माझे काम तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत नसेल. जुन्या मोटारीच्या बॉनेटखाली मुठीएवढा पत्र्याचा डबा असतो, तो मी. इंजिनाबरोबर अल्टरनेटर फिरतो आणि वीज तयार करतो. कुठे थांबायचे हे त्याला कळत नाही. त्याला आवरायचे आणि बॅटरीला सोसेल तेवढीच वीज द्यायची, हे माझे काम. चुलीवरचे दूध उतू जाऊ नये म्हणून कुणी तरी शेजारी उभे असते ना, तसा मी उभा असतो.

आकाशी रंगाच्या एका गाडीत बसून मी ओमानला आलो. बरका गावच्या एका अर्बाबने, म्हणजे तिथल्या अरब मालकाने, ती घेतली. त्याच्या खजुरीच्या बागेत आणि मासळीबाजाराच्या रस्त्यावर मी तीस-पस्तीस वर्षे राबलो. उन्हाने पत्रा तापून हात भाजावा अशा दुपारीही माझा हिशेब चुकला नाही. अर्बाब वारल्यावर त्याच्या मुलांनी गाडी मुनीरला दिली. मुनीर रत्नागिरीकडचा. अर्बाबच्या गाड्या तोच रंगवायचा, आणि त्याच्या हाताला बरक्यात तोड नव्हती.

२०१४ साली ओमानचा राष्ट्रीय दिन जवळ आला. रस्तोरस्ती गाड्या सजू लागल्या. मुनीरने आमची गाडी पार सोलून काढली आणि नव्याने रंगवली. बॉनेटच्या आतही आरशासारखा रंग दिला. मी जिथे वर्षानुवर्षे बसलो होतो ती जागा रंगवली, स्क्रूची भोके रंगवली. एवढ्यावर भागले नाही. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून त्याने माझ्या पायाखाली आणि स्क्रूंखाली रबराच्या चकत्या घातल्या.

अरे, माझे पाय गाडीच्या उघड्या पत्र्याला टेकलेच पाहिजेत. त्या पत्र्यातूनच माझे अर्थिंग पुरे होते. ते तुटले की मी नुसता डबा. मी अधांतरी बसलो आणि अल्टरनेटर मोकाट सुटला.

व्होल्टेज चौदाच्या आसपास असायला हवे, ते सोळाच्या वर गेले. दिवे भगभगीत पेटून उडाले. बॅटरी उकळू लागली आणि गाडीत कुजक्या अंड्यांचा वास पसरला. मुनीरने बॅटरी बदलली. नवीही उकळली. मग त्याने जाफर इलेक्ट्रिशियनला बोलावले. जाफरने मीटर लावला, आकडा पाहिला आणि माझ्यावर बोट ठेवले.

"हा डबा खलास आहे, मुनीरभाय. दुसरा मागवा."

माझे पाय कुठे टेकले आहेत ते त्याने पाहिले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देणे म्हणतात ते हेच. मला काढून खिळ्यांच्या डब्यात फेकले. माझ्या जागी, त्याच रबरावर, नवा कोरा रेग्युलेटर बसला. व्होल्टेज पुन्हा सोळाच्या वर. मी खिळ्यांत पडून संतापाने धुमसत होतो.

मुनीरची बायको खुदेजा याच गाडीत गाडी चालवायला शिकली होती. पण आता तीही म्हणाली, "मेहविशला मी या गाडीत बसवणार नाही. उद्या बॅटरी फुटली तर?" मेहविश त्यांची मुलगी. मुनीर हरला. निझवा शहरातला एक हॉटेलवाला गाडी मागत होता. तो ती दारात नुसती शोभेला ठेवणार होता. मुनीर त्याला हो म्हणाला. ज्या गाडीला मी इतकी वर्षे चालते ठेवले, तिची कुंडी होणार होती.

हॉटेलवाल्याला सगळे मूळचे भाग हवे होते, म्हणून मुनीरने मला शोधून काढले. नवा रेग्युलेटर काढून माझ्या तारा जोडल्या. स्क्रू नंतर लावू म्हणून मला तसेच लटकत ठेवले आणि देण्याआधी एकदा बघावे म्हणून गाडी सुरू केली. खुदेजा मीटर धरून उभी होती. मी झुललो आणि इंजिनाच्या उघड्या बोल्टला टेकलो.

"अहो, आकडा खाली आला," खुदेजा म्हणाली. "चौदा दाखवतोय."

मुनीरने मला उचलले. आकडा चढला. टेकवले, उतरला. तो माझ्याकडे आणि चकचकीत रंगाकडे आळीपाळीने बघत राहिला.

"माझा रंगच आड आला," तो हळूच म्हणाला.

त्याने रबरे काढून टाकली. पाते घेऊन स्वतःचाच रंग खरवडला. खाली पत्रा लखलखला. त्यावर मला घट्ट बसवले. बॅटरी शांत झाली. हॉटेलवाल्याला नकार गेला आणि शुक्रवारी मेहविश मागच्या सीटवर बसून निझव्याला जाऊन आली.

माझी माफी? ती कुणी मागितली नाही. उलट, गाडी बघायला पाहुणे आले की मुनीर बॉनेट उघडतो आणि म्हणतो, "तेवढ्या ओरखड्याबद्दल माफ करा हां." एकदा तर तो ब्रश घेऊन आला. खुदेजाने त्याचा हात धरला.

"तेवढं उघडं राहू द्या. लेक बसते या गाडीत."

मित्रांनो, गाडी पुसा, रंगवा, मिरवा. पण दोष देण्याआधी आमच्या पायाखाली बघत जा. आणि तो ओरखडा दिसला तर नाक मुरडू नका. साऱ्या गाडीत माझ्या हक्काची जागा तेवढीच आहे.