आता काय नाय वाटत

"घरी एकट्या असता तेव्हा काय वाटतं?"

टेबलापलीकडच्या तरुण साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं. आवाज मऊ होता, माणूसही वाईट नव्हता. गीताबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"आता काय नाय वाटत," ती म्हणाली.

"काहीच नाही?"

"नाय. बंदच हाय."

साहेबांनी मान हलवली आणि तिला बाहेर बसायला सांगून तिच्या नवऱ्याला, पांडूला, आत घेतलं. मुलगी गेल्याचा धक्का मोठा आहे, त्यांना काहीच वाटत नाही, असं होतं कधीकधी, माणूस आतून बधिर होतं. झोपेच्या गोळ्या इथल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, पुढच्या बुधवारी आणा. बाहेर बाकावर आणखी माणसं खोळंबली होती. ठाण्याहून आठवड्यातून एकदा येणाऱ्या माणसाने किती वेळ द्यायचा?

शहापूरच्या त्या धर्मादाय दवाखान्याच्या दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी होती. पांडूने ती वाचली तेव्हा त्यातला 'उपदेश' तेवढा त्याला कळला होता. उपदेश तर खर्डीजवळच्या त्याच्या गावात फुकट मिळत होता. मुलीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याचा मास्तर चुलतभाऊ बुद्धभूषण गीताबाईसमोर बसून तासभर बोलला होता, "वहिनी, सगळं अनित्य आहे." "व्हय भावजी," गीताबाई म्हणाली होती, "च्या घ्या." शेजारणीने भगताचं नाव काढलं, तर पांडूच तिच्यावर उखडला. आपल्यात ते चालत नाय म्हणजे नाय.

पण मग चालतं ते काय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. मुलगी संघरत्ना, घरची रत्ना, भातलावणीच्या दिवसांत तापाने गेली. बारावीला बसणार होती. तेव्हापासून गीताबाई रडली नाही आणि धड जेवलीही नाही. ताटात कोरा भात घ्यायची, वर मीठ भुरभुरायची, चार घास खायची आणि उठायची. सून पौर्णिमा कालवणाची वाटी पुढे करायची, गीताबाई ती हाताने हळूच मागे सारायची. दिवाळी येईपर्यंत तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. अशीच राहिली तर हीसुद्धा जाणार, हे पांडूला दिसत होतं.

आणि त्यात साहेबांचं ते वाक्य. त्यांना काहीच वाटत नाही.

वाशिंदच्या कारखान्यात बॉयलरपुढे उभा राहून पांडू ते वाक्य चघळत राहायचा. नऊ महिने पोटात वागवलेली पोर, आणि हिला काही वाटत नाही? घरी आला की तो तिच्याशी नीट बोलेना. गोळ्यांनी ती दिवसाही पेंगायला लागली, तेव्हा त्यानेच त्या चुलीत टाकल्या. बुधवार आले आणि गेले.

"परत नाय गेलास?" कारखान्यातल्या कमळाकरने डबा खाताना विचारलं. तो मुरबाडकडचा.

"काय उपेग नाय त्याचा."

"त्या साहेबाचा नसंल. चप्पल चावली म्हनून कोन अनवानी चालतो का? दुसरी बघ. आमच्याकडं विशे मॅडम हायेत, सोमवारी बसतात. माझी भैन जायची त्यांच्याकडं. पयल्या दिवशी नाय जमला तर तेच सांगतात, दुसरा मानूस बघा म्हनून."

सोमवारी सुट्टी टाकून पांडूने गीताबाईला किन्हवलीमार्गे मुरबाडला जाणाऱ्या एसटीत बसवलं. वाटभर ती खिडकीबाहेर बघत होती. कापणी झालेली खाचरं, भाताच्या उडव्या, परत खाचरं.

विशे मॅडम पन्नाशीच्या, केस पिकलेल्या, सुती साडीतल्या बाई होत्या. त्यांनी खुर्ची टेबलाच्या अलीकडे, गीताबाईच्या बाजूला ओढून घेतली. गाव कुठलं, घरात कोण कोण, असं बोलत बोलत त्याही त्याच प्रश्नाशी आल्या.

"मग घरी असता तेव्हा काय वाटतं?"

"आता काय नाय वाटत."

झालं, पांडूने मनात म्हटलं. एसटीचं भाडं फुकट.

"आणि आधी काय वाटायचं?"

गीताबाईने मान वर केली.

"आदी? आदी रोजच वाटायचा. सुका खोबरा, लसून, मिरची. पन मी नाय. रत्ना वाटायची."

"अगो, मॅडम त्या नाय इचारीत!" पांडू ओशाळून म्हणाला. "मनाचा इचारतात, मनाचा!"

विशे मॅडमनी त्याच्याकडे न बघता हात वर केला आणि त्याला गप्प केलं.

"कशावर वाटायची रत्ना? पाट्यावर?"

"पाट्यावर. आता पाटा बंद हाय, मागल्या पडवीत उभा करून ठेवलाय. सुनेनी मिक्सर आनला."

"कसं असायचं रत्नाचं वाटण?"

घरात कोणी रत्नाचं नाव काढत नसे. काढलं तर गीताबाईला त्रास होईल म्हणून सगळ्यांनी ते जपून बाजूला ठेवलं होतं. आणि ही परकी बाई ते नाव असं घेत होती, जणू रत्ना बाहेर बाकावरच बसली आहे. गीताबाई हसली. खरंच हसली.

"जाडा! कदी बारीक म्हनून केला नाय तिनी. घाई सगळी. दाताखाली खोबरा यायचा. ह्यांना नाय चालायचा तो. ताटावर बसले की बोलायचे, रत्ने, खोबरा वाटलास का दगड? तर ती बोलायची, बाबा, दात हायेत तंवर चावून घ्या."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"सुनेचा वाटण गंधावानी बारीक. चांगली हाय ती पोर, तिचा काय दोष नाय. पन मी घास घेते आनि त्यात माझी रत्ना नाय ओ बाई. कुठंच नाय ती. म्हनून मी कोराच भात खाते."

मग ती रडली. पोर गेल्यापासून अडलेलं सगळं त्या खोलीत मोकळं झालं. विशे मॅडमनी समजूत घातली नाही की पाण्याचा ग्लासही पुढे केला नाही. खुर्ची तेवढी आणखी जवळ ओढली.

पांडू भिंतीकडे बघत होता. बायको पाट्यावरच्या वाटण्याचं बोलत होती, आणि शिकलेल्या साहेबांनी आणि अडाणी नवऱ्याने मिळून तिला दगड ठरवलं होतं. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

निघताना विशे मॅडम काही म्हणायच्या आत गीताबाईनेच विचारलं, "पुढल्या सोमवारी हाव ना तुमी?"

रविवारी तिने पाटा आडवा केला. धुतला, पुसला, वरवंटा घेऊन बसली.

"आये, मी वाटू?" पौर्णिमाने विचारलं.

"नको गो. तू बारीक वाटशील."

पण तिचा स्वतःचा हातही बारीक वाटण्याला सरावलेला. पहिला गोळा लोण्यासारखा उतरला. तिने तो सुनेकडे दिला आणि नवीन खोबरं घेतलं. या वेळी वरवंटा मधेच थांबवला. परत फिरवावासा वाटला तेव्हा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

दुपारी पांडू जेवायला बसला. गीताबाईही ताट घेऊन समोर बसली, आणि तिने भातावर कालवण ओतून घेतलं. पांडूने पहिला घास घेतला. दाताखाली कचकन खोबरं आलं.

त्याचं तोंड सवयीने उघडलं. रत्ने, म्हणायला जीभ वळली आणि तिथेच राहिली. सगळ्यांसाठी धीराने उभा राहिलेला तो माणूस ताटावर वाकला, आणि त्याचे खांदे हलायला लागले.

गीताबाईने त्याला रडू दिलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "दगड लागला?"

"नाय," पांडू म्हणाला. "खोबरा हाय."

त्याने ताट पुढे केलं. तिने आणखी वाढलं. दोघं जेवत राहिली. खोबऱ्याचा तो एवढासा तुकडा मात्र पांडूला गिळवेना. हात धुवायला उठेपर्यंत त्याने तो गालात तसाच धरून ठेवला.